ॲलिस इव्हान्स, कच्चे दूध आणि ब्रुसेला : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोठ्यातली गाय दिसायला धडधाकट आहे, चरवी घासूनपुसून स्वच्छ आहे, धार काढणाऱ्याचे हात धुतलेले आहेत, आणि तरीही त्या दुधातून माणसाला महिनोन्महिने छळणारा ब्रुसेलोसिस नावाचा ताप येऊ शकतो. आज पशुवैद्यकाच्या कोणत्याही विद्यार्थ्याला ठाऊक असलेली ही गोष्ट १९१७ साली ॲलिस कॅथरीन इव्हान्स या अमेरिकन शास्त्रज्ञ स्त्रीने मांडली, तेव्हा ती मान्य व्हायला जवळजवळ दहा वर्षे लागली. त्यांच्या संशोधनाविषयी विद्यार्थी, शिक्षक आणि दूधउत्पादक जे प्रश्न विचारतात त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. ज्यांना केवळ घरातल्या दुधापुरते जाणून घ्यायचे आहे त्यांनी उत्तरार्धातले प्रश्न आधी वाचले तरी चालेल.

इव्हान्स जीवाणूशास्त्राकडे कशा वळल्या?

पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या नीथ या गावी २९ जानेवारी १८८१ रोजी वेल्श वंशाच्या एका शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. महाविद्यालयात जाण्याइतका पैसा घरात नव्हता आणि शिकलेल्या मुलीला शिक्षिकेच्या नोकरीखेरीज फारशी वाट नव्हती, म्हणून त्यांनी चार वर्षे शाळेत शिकवले. त्याच सुमारास कॉर्नेल विद्यापीठाने ग्रामीण शिक्षकांसाठी निसर्गाभ्यासाचा विनाशुल्क अभ्यासक्रम चालवला होता. तेथे त्या गेल्या त्या शिक्षिका म्हणून, पण जीवशास्त्राने त्यांना असे धरून ठेवले की परत शाळेकडे वळणे झाले नाही. १९०९ मध्ये त्यांनी कॉर्नेलमधून जीवाणूशास्त्राची पदवी घेतली आणि शिष्यवृत्तीवर विस्कॉन्सिन विद्यापीठात जाऊन १९१० मध्ये पदव्युत्तर पदवी मिळवली. ती शिष्यवृत्ती तोवर कोणत्याही स्त्रीला मिळालेली नव्हती.

त्यांनी पीएच.डी. का केली नाही?

विस्कॉन्सिनमध्ये त्यांना पुढे डॉक्टरेट करण्याचे प्रोत्साहन मिळाले होते. पैशांची ओढाताण आणि शरीरावर पडणारा ताण यांचा विचार करून त्यांनी नोकरी पत्करली. पुढे त्यांना मानद पदव्या मिळाल्या, परंतु ज्या काळात त्यांच्या निष्कर्षांवर सर्वाधिक हल्ले झाले त्या काळात त्यांच्या नावापुढे ‘डॉक्टर’ ही उपाधी नव्हती, ही बाब पुढचा इतिहास वाचताना लक्षात ठेवली पाहिजे.

सरकारी प्रयोगशाळेत त्यांना प्रवेश कसा मिळाला?

अमेरिकेच्या कृषी खात्यात पशुउद्योग ब्युरो होता आणि त्याच्या अखत्यारीत दुग्धविभाग होता. या विभागाच्या वतीने विस्कॉन्सिनमधील मॅडिसन येथे चीजवर संशोधन चाले, आणि १९१० मध्ये इव्हान्स तेथे रुजू झाल्या. सरकारी नोकरीची परीक्षा त्या रीतसर उत्तीर्ण झालेल्या असल्याने, वरिष्ठांना ‘आम्हाला स्त्री नको होती’ असे म्हणून त्यांना परत पाठवता येईना. १९१३ मध्ये विभागाच्या नव्या प्रयोगशाळा तयार झाल्यावर त्या वॉशिंग्टनला आल्या. दुग्धविभागात शास्त्रज्ञ म्हणून कायम नेमणूक मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री होत. अमेरिकेत स्त्रियांना देशभर मतदानाचा हक्क १९२० मध्ये मिळाला. म्हणजे ज्या शोधाने दूधव्यवसाय ढवळून निघाला तो लावताना त्यांना तो हक्क देशाच्या घटनेने दिलेला नव्हता.

ब्रुसेलोसिस हा आजार नेमका कसा असतो?

ब्रुसेला या प्रजातीच्या अतिशय लहान जीवाणूंमुळे तो होतो. गाई, म्हशी, शेळ्या, मेंढ्या, डुकरे यांच्यात तो मुख्यतः गर्भाशयाचा आणि कासेचा आजार आहे. जनावर दिवस भरत आलेले असताना गाभडते, वार अडकते, काही वेळा पुढचे वेत उशिराने येते. विशेष हे की एकदा गाभडलेली गाय पुढच्या वेताला व्यवस्थित विते, तिच्या अंगात तापही दिसत नाही, आणि तरीही ती दुधातून जीवाणू सोडत राहते.

माणसात चित्र वेगळे असते. कच्चे दूध प्यायल्यावर साधारण दोन ते चार आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, ताप सुरू होतो. तो दिवसा उतरतो, संध्याकाळी चढतो, रात्री दरदरून घाम येतो. काही दिवस बरे वाटते आणि पुन्हा तेच चक्र सुरू होते. या चढउतारांमुळे त्याला लाटांचा ताप असे नाव पडले. सांधे आणि कंबर दुखते, भूक जाते, मन खचते. मृत्यू क्वचितच येतो, पण धडधाकट माणूस वर्षभर कामाला मुकतो. विषमज्वर, हिवताप, क्षय, संधिवात यांपैकी कशाशीही त्याची गल्लत होऊ शकते, आणि होतही असे.

‘माल्टा ताप’ आणि हा आजार एकच का?

होय. भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटावर ब्रिटिशांची छावणी होती आणि तेथील सैनिक या तापाने वर्षानुवर्षे आजारी पडत. डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरने दगावलेल्या सैनिकांच्या प्लीहेतून जीवाणू वेगळा काढला आणि १८८७ मध्ये तो शोध जाहीर केला. पण तो जीवाणू माणसात येतो कोठून, हे कोडे पुढची अठरा वर्षे सुटले नाही. १९०५ मध्ये थेमिस्टोक्लीस झमित या माल्टाच्याच डॉक्टरने बेटावरच्या शेळ्यांचे रक्त तपासले, तेव्हा दिसायला ठणठणीत असलेल्या शेळ्या बाधित निघाल्या आणि त्यांच्या दुधातही जीवाणू आढळला. १९०६ मध्ये छावणीत शेळीचे दूध बंद करण्यात आले आणि सैनिकांमधला ताप झपाट्याने ओसरला.

यातून जो अर्थ काढला गेला तो मात्र अपुरा होता. हा माल्टाचा आजार आहे, शेळीचा आजार आहे, आमच्या गाईंचा त्याच्याशी संबंध नाही, असे अमेरिकेतल्या डॉक्टरांनी धरून चालले.

गाईतला जीवाणू आणि शेळीतला जीवाणू यांचे नाते आधी कोणाच्याच लक्षात का आले नाही?

या संपूर्ण कथेतला सर्वांत विचार करण्यासारखा प्रश्न माझ्या मते हाच आहे, आणि त्याचे उत्तर बऱ्याच अंशी नावांत दडलेले आहे.

डेन्मार्कचे पशुवैद्य बर्नहार्ड बँग यांनी १८९७ मध्ये गाभडलेल्या गाईंमधून एक जीवाणू वेगळा काढला. तो त्यांना काडीसारखा दिसला म्हणून तो बॅसिलसांत गेला आणि बॅसिलस ॲबॉर्टस या नावाने ओळखला जाऊ लागला. ब्रूस यांना त्यांचा जीवाणू गोल ठिपक्यासारखा दिसला होता म्हणून तो मायक्रोकॉकस मेलिटेन्सिस झाला. त्या काळी जीवाणूंच्या वर्गीकरणाची पहिली पायरी आकार हीच होती. गोल ते एका कप्प्यात, काडीसारखे ते दुसऱ्या कप्प्यात. एकदा दोघे वेगळ्या कप्प्यांत गेले की त्यांची तुलना करावी असे कोणाच्या मनात येण्याचे कारणच उरले नाही. प्रत्यक्षात ब्रुसेला ही इतकी आखूड काडी आहे की एकाच नमुन्यात काही पेशी गोल वाटतात आणि काही लांबट. दोघांनीही पाहिले ते खरेच पाहिले होते.

दुसरे कारण असे की एक जीवाणू डॉक्टरांचा होता आणि दुसरा पशुवैद्यांचा. दोघांच्या सभा वेगळ्या आणि नियतकालिके वेगळी. १९११ मध्ये पशुउद्योग ब्युरोतल्याच श्रोडर आणि कॉटन यांनी निरोगी दिसणाऱ्या गाईंच्या दुधात बँग यांचा जीवाणू असतो हे दाखवून दिले होते. म्हणजे माणसे तो पीत आहेत हे माहीत होते, पण तो माणसाला बाधतो असे कोणी मानत नव्हते. इव्हान्स पशुउद्योगाच्या खात्यात काम करणाऱ्या जीवाणूशास्त्रज्ञ होत्या, शिक्षणाने त्या ना डॉक्टर होत्या ना पशुवैद्य, आणि त्यामुळेच या दोन कुंपणांपैकी एकही त्यांच्या वाटेत आले नाही असे मला वाटते.

त्यांनी प्रत्यक्ष कोणते प्रयोग केले?

गाईच्या कासेतून निर्जंतुक भांड्यात थेट काढलेल्या ताज्या दुधात कोणते जीवाणू असतात, हा त्यांचा मूळ विषय होता. निरोगी गाईच्या सडातून येणारे दूध शुद्धच असते, ते बिघडते ते नंतर हात, भांडी, माश्या आणि धूळ यांमुळे, अशी सर्वसाधारण समजूत होती. अशा दुधाच्या नमुन्यांत त्यांना बँग यांचा जीवाणू पुन्हा पुन्हा सापडू लागला. तो मलईबरोबर वर येतो, म्हणून मलईच्या थरात शोधणे सोपे जाते.

१९१७ मध्ये त्यांनी हा जीवाणू आणि माल्टा तापाचा जीवाणू शेजारी शेजारी ठेवून तपासायला घेतले. दोघांची वाढ कोणत्या माध्यमावर कशी होते, कोणत्या शर्करेवर ते काय परिणाम करतात, सूक्ष्मदर्शकाखाली ते कसे दिसतात, हे एकेक करून पाहिल्यावर फरक म्हणावा असा फरक हाती लागेना. गाभण गिनिपिगांना कोणताही जीवाणू टोचला तरी त्या गाभडत. सीरमच्या, म्हणजे रक्तातून वेगळ्या काढलेल्या द्रवाच्या, चाचणीतही हेच दिसले: एका जीवाणूविरुद्ध तयार झालेले सीरम दुसऱ्या जीवाणूच्या द्रावात मिसळले तरी त्याच्या गुठळ्या होत. सीरम आधी एका जीवाणूबरोबर मुरवून मग दुसऱ्यावर वापरण्याच्या अधिक बारीक चाचणीतच काय तो भेद करता येत होता.

यावरून त्यांनी मांडलेला निष्कर्ष जपून मांडलेला होता. दोन जीवाणू अतिशय जवळचे आहेत. त्यांपैकी एक माणसाला आजारी पाडतो हे सिद्ध आहे. दुसरा गाईच्या दुधात मोठ्या प्रमाणावर आढळतो. तेव्हा कच्चे गाईचे दूध पिणे सुरक्षित आहे का, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. १९१७ च्या अखेरीस अमेरिकन जीवाणूशास्त्रज्ञांच्या संस्थेपुढे त्यांनी हे वाचून दाखवले आणि १९१८ मध्ये ते ‘जर्नल ऑफ इन्फेक्शस डिसीजेस’मध्ये छापून आले. या कामात त्यांनी कोणतेही नवे उपकरण वापरलेले नाही. त्यातली प्रत्येक चाचणी त्या वेळच्या कोणत्याही बऱ्या प्रयोगशाळेत करता आली असती.

मग त्यांच्यावर विश्वास का ठेवला गेला नाही?

आक्षेपांचा सूर असा होता, की दोन जीवाणू इतके सारखे असते तर ते याआधी कोणा नामवंताच्या नजरेस आले नसते का? हा आक्षेप पुराव्यावर नव्हता, माणसावर होता. त्या स्त्री होत्या, त्यांच्याकडे डॉक्टरेट नव्हती, आणि त्या चीजच्या प्रयोगशाळेतून आल्या होत्या.

परंतु सगळेच आक्षेप असे नव्हते हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पहिला सबळ आक्षेप असा की अमेरिकेत लाखो लोक कच्चे दूध पितात, मग माल्टा तापाचे रुग्ण कोठे आहेत? त्याचे उत्तर पुढे सापडले: रुग्ण होते, पण त्यांच्यावर विषमज्वर, हिवताप किंवा संधिवात अशी नावे लागलेली होती. जो आजार आपल्या देशात नाही असे डॉक्टर मानतो, त्याची तपासणी तो मागवत नाही, आणि तपासणी न मागवल्याने तो आजार नाही हे मत पक्के होत जाते.

दुसरा विरोध थिओबाल्ड स्मिथ यांचा होता. ते त्या काळचे अमेरिकेतले सर्वांत मान्यवर जीवाणूशास्त्रज्ञ होते. गुरांचा टेक्सास ताप गोचिडांमुळे पसरतो हे त्यांनी दाखवले होते, आणि गाईच्या क्षयाचा जीवाणू माणसाच्या क्षयाच्या जीवाणूपेक्षा वेगळा आहे हेही त्यांनीच १८९८ मध्ये सिद्ध केले होते. एकसारखे दिसणारे जीवाणू बारकाईने पाहिले तर वेगळे निघतात, हा त्यांच्या आयुष्यभराच्या अनुभवाचा धडा होता, आणि इव्हान्स नेमके त्याच्या उलट सांगत होत्या. स्मिथ येथे चुकले, पण त्यांच्या संशयामागे नुसता पूर्वग्रह होता असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय करणारे होईल. दुर्दैव एवढेच की त्यांच्या शब्दाला जे वजन होते त्यामुळे इतरांनी स्वतः पडताळून पाहण्याचे कष्ट बरेच दिवस घेतले नाहीत.

त्यांचे म्हणणे प्रथम कोणी पडताळून पाहिले?

सॅन फ्रान्सिस्कोमधील कार्ल मेयर आणि त्यांचे सहकारी शॉ यांनी १९२० मध्ये तुलना करून इव्हान्स यांच्या निष्कर्षाला पुष्टी दिली आणि दोन्ही जीवाणूंसाठी, ब्रूस यांच्या नावावरून, ब्रुसेला ही प्रजाती सुचवली. थोड्याच दिवसांत दक्षिण ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत, बेव्हन या पशुवैद्याने गाईंच्या संपर्कातून माणसांना झालेल्या तापाची नोंद केली, आणि १९२४ मध्ये बाल्टिमोरमध्ये कीफर यांनी, जेथे शेळीच्या दुधाचा संबंधच नव्हता अशा अमेरिकन रुग्णाचे प्रकरण प्रसिद्ध केले. त्यानंतर शोधणाऱ्यांना रुग्ण सापडू लागले. १९२० च्या दशकाच्या अखेरीस वाद संपल्यात जमा होता.

त्यांना स्वतःला हा आजार झाला होता हे खरे आहे का?

खरे आहे. १९१८ मध्ये त्या कृषी खाते सोडून सार्वजनिक आरोग्य सेवेच्या हायजिनिक लॅबोरेटरीत गेल्या होत्या. हीच संस्था १९३० मध्ये नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ झाली. महायुद्धाच्या काळात त्यांना मेंदूज्वराच्या कामाला जुंपण्यात आले. ब्रुसेलाकडे त्या पुन्हा वळल्या आणि १९२२ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांना प्रयोगशाळेतच संसर्ग झाला. ब्रुसेलाच्या बाबतीत हा धोका आजही मोठा आहे, कारण संवर्धन, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेले जीवाणू, हाताळताना उडणाऱ्या सूक्ष्म तुषारांतून अगदी थोडे जीवाणू श्वासावाटे गेले तरी पुरेसे होतात. आज त्यासाठी बंदिस्त कक्ष, हवेचा दाब नियंत्रित असलेल्या खोल्या आणि कडक नियम आहेत. त्यांच्या वेळी उघडे टेबल होते.

पुढची सुमारे वीस वर्षे हा आजार मधूनमधून उलटत राहिला. प्रतिजैविके नव्हती, त्यामुळे विश्रांती घेणे आणि वाट पाहणे एवढेच हाती होते. त्याहून क्लेशदायक गोष्ट अशी की जुनाट झालेल्या ब्रुसेलोसिसमध्ये तपासणीत काहीच ठळक सापडत नाही आणि रुग्ण मात्र थकवा, अंगदुखी, खिन्नता यांनी पिचून गेलेला असतो. अशा रुग्णांना तेव्हा न्युरास्थेनिया, म्हणजे मनाच्या दुबळेपणातून आलेले दुखणे, असे निदान चिकटवले जाई. ज्या जीवाणूवर त्या जगातल्या मोजक्या तज्ज्ञांपैकी एक होत्या, त्याच जीवाणूने आलेले आपले दुखणे खरे आहे हे इतरांना पटवून देण्याची वेळ त्यांच्यावर आली. १९३४ मध्ये त्यांनी अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात जुनाट ब्रुसेलोसिसवर लेख लिहून या चुकीच्या निदानाकडे डॉक्टरांचे लक्ष वेधले. त्यांचे इतर सर्व काम बाजूला ठेवले तरी हा एक लेख मला मोलाचा वाटतो, कारण ज्यांचे दुखणे कोणी खरे मानत नव्हते अशा रुग्णांची बाजू त्याने मांडली.

अमेरिकेत दूध पाश्चराइझ करणे सक्तीचे झाले ते केवळ त्यांच्यामुळे का?

तसे म्हटले जाते, पण ते तितकेसे बरोबर नाही. शिकागो शहराने १९०८ मध्येच तसा नियम केला होता, आणि दुधातून पसरणारे क्षय, विषमज्वर, घटसर्प हे आजार त्या चळवळीच्या मुळाशी होते. इव्हान्स यांच्या संशोधनाने केले ते वेगळे आणि माझ्या दृष्टीने अधिक निर्णायक. पाश्चरीकरणाच्या विरोधकांचा मुख्य मुद्दा असा होता, की गोठा स्वच्छ ठेवा, गवळी निरोगी ठेवा, म्हणजे दूध तापवण्याची गरज नाही. अमेरिकेत ‘प्रमाणित’ म्हणून महाग विकले जाणारे कच्चे दूध याच तत्त्वावर चालत असे. जीवाणू बाहेरून पडत असेल तर हा युक्तिवाद टिकतो. ब्रुसेला कासेच्या आतूनच दुधात येतो हे कळल्यावर तो टिकत नाही, कारण कितीही स्वच्छता राखली तरी धार पडण्याआधीच दूध बाधित झालेले असते.

धारोष्ण दूध पौष्टिक असते असे आमच्या घरात मानतात. ते खरेच टाळावे का?

होय, टाळावे. गावाकडे गेल्यावर आजोबांनी सडाखाली पेला धरून पाजलेल्या फेसाळ दुधाची आठवण अनेकांना प्रिय असते आणि त्या आठवणीचा अनादर करण्याचा येथे हेतू नाही. परंतु ते दूध ज्या गाईचे आहे तिची तपासणी झालेली नसेल, तर ती दिसायला कशी आहे यावरून काहीही ठरवता येत नाही. ६३ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे किंवा ७२ अंशांना १५ सेकंद तापवले की ब्रुसेला मरतो. घरी दुधाला चांगली उकळी आणली तर प्रश्नच उरत नाही. आपल्याकडे दूध आणले की आधी तापवायचे ही जी घरोघरची रीत आहे, तिने आपल्याला या आजारापासून फार मोठ्या प्रमाणावर वाचवले आहे. शहरात अलीकडे ‘नैसर्गिक’ म्हणून कच्चे दूध तसेच पिण्याची टूम निघाली आहे, ती मला काळजीची वाटते.

दही, ताक, पनीर, लोणी, खरवस यांचे काय?

तापवलेल्या दुधाला विरजण लावून केलेले दही आणि त्याचे ताक व लोणी सुरक्षित असते. पनीर उकळत्या दुधापासून होते आणि तूप कढवलेलेच असते. खरवस आतपर्यंत नीट वाफवला गेला असेल तर भीती नाही. कच्चा चीक मात्र चाखून पाहू नये. कच्च्या दुधाचे ताजे, मऊ चीज हा भूमध्य समुद्राकाठच्या आणि आखाती देशांतला संसर्गाचा जुना मार्ग आहे, त्यामुळे तिकडे नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी मंडळींनी असे चीज आणि उंटिणीचे न तापवलेले दूध यांबाबत सावध राहावे.

आमची गाय सातव्या महिन्यात गाभडली. काय करावे?

सर्वप्रथम पडलेले गाभ आणि वार यांना उघड्या हाताने स्पर्श करू नये, कारण त्यांत जीवाणूंची संख्या दुधापेक्षा कितीतरी पटींनी जास्त असते, आणि पशुवैद्य व गोठ्यात राबणारी माणसे यांना संसर्ग होतो तो बहुधा येथूनच. हातमोजे घालून, चुना टाकून ते खोल पुरावे. कुत्र्यांना ते मिळू देऊ नये. गाय इतर जनावरांपासून वेगळी बांधावी, जागा जंतुनाशकाने धुवावी आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवून रक्ततपासणी करून घ्यावी. गाय गाभडण्याची इतर कारणेही असतात, म्हणून निदानाआधी निष्कर्ष काढू नये. दवाखान्यातून पुढे पाठवलेले नमुने पुण्याच्या औंध येथील पशुसंवर्धन खात्याच्या रोगनिदान प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी तपासले जातात. रक्ताची ‘रोज बेंगाल’ नावाची चाचणी काही मिनिटांत उत्तर देते. कळपाच्या एकत्रित दुधावर करायची रिंग चाचणीही सोपी आहे: दुधात रंगवलेल्या जीवाणूंचा थेंब मिसळला आणि बाधा असली, तर वर येणाऱ्या मलईचे कडे रंगीत होते.

नवे जनावर बाजारातून आणताना तपासणीशिवाय कळपात सोडू नये, हे मात्र आधीच सांभाळायचे पथ्य आहे.

भारतात यावर लस आहे का?

आहे. केंद्र सरकारने सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात लाळ्या-खुरकुताबरोबर ब्रुसेलोसिसचाही समावेश आहे. चार ते आठ महिने वयाच्या कालवडींना आणि पारड्यांना आयुष्यात एकदाच ही लस टोचली जाते. नर वासरांना ती देत नाहीत, आणि गाभण जनावराला दिल्यास तेच गाभडण्याची भीती असते. लसीत जिवंत, दुर्बल केलेला जीवाणू असल्यामुळे टोचणाऱ्याच्या बोटात सुई घुसली तर त्यालाही आजार होऊ शकतो. अशा वेळी लगेच डॉक्टरांकडे जावे.

या लसीतला एस-१९ हा जीवाणूवाण इव्हान्स यांच्या जुन्या खात्यातूनच आलेला आहे. पशुउद्योग ब्युरोतल्या जॉन बक यांनी १९२३ मध्ये एका जर्सी गाईच्या दुधातून काढलेले संवर्धन प्रयोगशाळेत साध्या तापमानाला सुमारे वर्षभर पडून राहिले आणि त्याचा जोर आपोआप ओसरला. अमेरिकेने १९३४ पासून तपासणी, बाधित गाईंची कत्तल आणि पुढे लसीकरण अशा मार्गाने रोग आटोक्यात आणला. आपल्याकडे कत्तलीचा मार्ग बहुतांशी बंद असल्यामुळे सगळी भिस्त लसीवर आणि बाधित जनावर वेगळे ठेवण्यावर आहे, आणि म्हणून एकही कालवड सुटू न देणे येथे अधिक महत्त्वाचे ठरते.

माणसावर उपचार आहेत का?

आहेत. डॉक्सिसायक्लिनबरोबर रिफॅम्पिसिन किंवा दुसरे योग्य औषध मिळून किमान सहा आठवडे घ्यावे लागते. बरे वाटले म्हणून मध्येच थांबवल्यास आजार उलटतो. लांबलेला ताप घेऊन डॉक्टरांकडे जाताना घरात गुरे आहेत का, कच्चे दूध प्यायले होते का, हे न विचारता सांगावे.

इव्हान्स यांनी आणखी कोणते काम केले?

१९२८ मध्ये त्या अमेरिकन जीवाणूशास्त्रज्ञांच्या संस्थेच्या अध्यक्षा झाल्या. ज्या संस्थेपुढे त्यांनी अकरा वर्षांपूर्वी तो निबंध वाचला होता, तिच्या त्या पहिल्या स्त्री अध्यक्षा. १९३० मध्ये पॅरिसला आणि १९३६ मध्ये लंडनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय सूक्ष्मजीवशास्त्र परिषदांना त्या प्रतिनिधी म्हणून गेल्या. नोकरीच्या अखेरच्या वर्षांत त्यांनी स्ट्रेप्टोकॉकस जीवाणूंवर काम केले आणि १९४५ मध्ये त्या निवृत्त झाल्या. १९७५ च्या सप्टेंबरमध्ये, वयाच्या ९४ व्या वर्षी, व्हर्जिनियात त्यांचे निधन झाले.

त्यांचा निष्कर्ष आजच्या जनुकशास्त्राच्या कसोटीवर टिकतो का?

टिकतो, आणि अपेक्षेपेक्षा अधिक टिकतो. गाईतला ॲबॉर्टस, शेळीतला मेलिटेन्सिस आणि १९१४ मध्ये डुकरांत सापडलेला सुइस यांच्या डीएनएची एकमेकांशी तुलना केली तेव्हा त्यांच्यातले साम्य ९० टक्क्यांहून जास्त भरले. त्यावरून १९८५ मध्ये काही वर्गीकरणतज्ज्ञांनी असे सुचवले की या सगळ्यांना वेगवेगळ्या जाती मानण्याचे कारणच नाही, मेलिटेन्सिस ही एकच जाती ठेवावी आणि बाकीचे तिचे प्रकार म्हणावेत. डॉक्टर आणि पशुवैद्य यांनी मात्र जुनी नावे सोडली नाहीत, कारण कोणता प्रकार कोणत्या जनावरातून आला आणि माणसाला किती जोराने बाधतो हे त्या नावांवरून चटकन कळते. शेळीतला प्रकार माणसाला गाईतल्या प्रकारापेक्षा अधिक तीव्रतेने आजारी पाडतो. पुढे वर्गीकरणतज्ज्ञही वेगळ्या जातींच्या नावांकडे परतले.